बर्जेस मेरेडिथ

ऑलिव्हर बर्जेस मेरेडिथ (१६ नोव्हेंबर, १९०७ - ९ सप्टेंबर, १९९७) हे अमेरिकन रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत काम केलेले अभिनेते, नाट्यदिग्दर्शक व निर्माते होते. सहा दशकांहून अधिक काळ चाललेल्या कारकिर्दीत त्यांनी नायक, खलनायक, विनोदी आणि चरित्र अशा सर्व प्रकारच्या भूमिका केल्या. मुष्टियुद्धाच्या पार्श्वभूमीवरील 'रॉकी' (१९७६) या चित्रपटातील वृद्ध प्रशिक्षक मिकी गोल्डमिल ही त्यांची सर्वाधिक स्मरणात राहिलेली सहायक भूमिका होय. १९५० च्या दशकात साम्यवादाच्या संशयावरून तयार झालेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि त्यामुळे ऐन उमेदीत चित्रपटसृष्टीची दारे त्यांच्यासाठी जवळपास बंद झाली होती. त्यांना ऑस्कर पुरस्काराची दोन नामांकने मिळाली. ती दोन्ही वयाच्या पासष्टीनंतरची आहेत.

प्रारंभिक जीवन

मेरेडिथ यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात झाला. त्यांचे वडील विल्यम जॉर्ज मेरेडिथ हे मूळचे कॅनडातील डॉक्टर होते, तर आईचे नाव आयडा बेथ बर्जेस असे होते. आईच्या माहेरचे आडनाव हेच पुढे त्यांचे रूढ नाव झाले. लहानपणी त्यांचा आवाज गोड होता. त्यामुळे न्यूयॉर्कमधील सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथेड्रलच्या गायनशाळेत त्यांना प्रवेश मिळाला व तेथे त्यांनी समूहगायनाचे शिक्षण घेतले. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲम्हर्स्ट महाविद्यालयात ते दाखल झाले. मात्र पदवी पूर्ण न करताच त्यांनी शिक्षण सोडले. याच महाविद्यालयाने १९३९ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली.

महाविद्यालय सोडल्यानंतर त्यांनी वृत्तपत्राचा वार्ताहर, विक्रेता आणि जहाजावरील खलाशी अशी निरनिराळी कामे केली. १९२९ च्या सुमारास ते न्यूयॉर्कमध्ये अभिनेत्री व दिग्दर्शिका इव्हा ल गॅलियन यांच्या सिव्हिक रेपर्टरी थिएटर या नाट्यसंस्थेत उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथे आरंभी त्यांच्या वाट्याला 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील नोकर पीटरसारख्या लहान भूमिका आल्या.

रंगभूमीवरील यश

मेरेडिथ यांना खरी कीर्ती मॅक्सवेल अँडरसन यांच्या 'विंटरसेट' (१९३५) या पद्यनाटकाने मिळवून दिली. साको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांना १९२७ मध्ये देण्यात आलेल्या मृत्युदंडाच्या वादग्रस्त खटल्यावरून हे नाटक सुचले होते. त्यातील नायक मिओ हा, न केलेल्या गुन्ह्यासाठी देहान्त शिक्षा झालेल्या बापाचे नाव निष्कलंक करण्यासाठी धडपडणारा तरुण आहे. ही भूमिका मेरेडिथ यांनी साकारली. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाने सुरू केलेला पहिला पुरस्कार याच नाटकास मिळाला. १९३६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा मिओची भूमिका त्यांच्याकडेच राहिली आणि त्यांचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला. अँडरसन यांच्याच 'हाय टॉर' (१९३७) या नाटकातही ते प्रमुख भूमिकेत होते.

या काळात ते रंगकर्मींच्या हक्कांसाठीही सक्रिय होते. ॲक्टर्स इक्विटी या नटांच्या संघटनेचे ते उपाध्यक्ष होते व काही काळ त्यांनी कार्यवाहक अध्यक्षपदही सांभाळले. ऑर्सन वेल्स यांनी शेक्सपियरच्या ऐतिहासिक नाटकांवरून बसवलेल्या 'फाइव्ह किंग्ज' (१९३९) या प्रयोगात त्यांनी राजपुत्र हालची भूमिका केली. परंतु तो महत्त्वाकांक्षी प्रयोग न्यूयॉर्कपर्यंत पोहोचू शकला नाही.

चित्रपट आणि दुसरे महायुद्ध

मेरेडिथ अंगाने किरकोळ व उंचीने बेताचे होते. त्यांचा आवाज किंचित खरखरीत होता. हॉलिवूडच्या तत्कालीन देखण्या नायकांच्या साच्यात ते बसत नव्हते. तरीही जॉन स्टाइनबेक यांच्या कादंबरीवर आधारित 'ऑफ माइस अँड मेन' (१९३९) या लुईस माइलस्टोन दिग्दर्शित चित्रपटात जॉर्ज या स्थलांतरित शेतमजुराची मुख्य भूमिका त्यांना मिळाली. बुद्धीने अधू पण बलदंड अशा लेनीचा (लॉन चेनी ज्युनिअर) सांभाळ करणारा, त्याच्यावर सतत डाफरणारा आणि तरीही त्याला न सोडणारा हा जॉर्ज आहे. वरकरणी चिडखोर आणि आतून माया करणाऱ्या माणसाचे हे चित्रण पुढे 'रॉकी'मध्ये वेगळ्या रूपात पुन्हा दिसते.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतर ते सैन्यात दाखल झाले आणि लष्करी हवाई दलात कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या अमेरिकन सैनिकांना तेथील चालीरीतींची ओळख करून देणारा 'अ वेलकम टू ब्रिटन' (१९४३) हा माहितीपट त्यांनी सादर केला. विल्यम वेलमन दिग्दर्शित 'द स्टोरी ऑफ जी. आय. जो' (१९४५) या चित्रपटात त्यांनी युद्धवार्ताहर अर्नी पाइल यांची भूमिका केली. सामान्य पायदळ सैनिकाचे जीवन वाचकांपर्यंत पोहोचवणारे पाइल हे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १८ एप्रिल, १९४५ रोजी, ओकिनावाजवळील इए शिमा या बेटावर गोळी लागून मरण पावले.

युद्धानंतर मेरेडिथ यांनी फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार यांच्या 'द डायरी ऑफ अ चेंबरमेड' (१९४६) या चित्रपटाची पटकथा लिहिली, निर्मितीत सहभाग घेतला आणि त्यात भूमिकाही केली. 'द मॅन ऑन द आयफेल टॉवर' (१९४९) हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. अभिनय, लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन या चारही क्षेत्रांत त्यांची वाटचाल सुरू असतानाच ती अचानक खंडित झाली.

काळी यादी

शीतयुद्धाच्या आरंभी अमेरिकेत साम्यवाद्यांविषयी भीतीचे वातावरण होते. प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीने ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉलिवूडमधील लेखक व दिग्दर्शकांची जाहीर चौकशी सुरू केली. समितीच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांना पुढे कारावास झाला. चित्रपटनिर्मिती संस्थांच्या प्रमुखांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा व्यक्तींना काम न देण्याचे जाहीर केले. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत नभोवाणी व दूरचित्रवाणी क्षेत्राशी संबंधित १५१ व्यक्तींची नावे आणि त्यांचे कथित डावे संबंध नोंदवले होते. या यादीत मेरेडिथ यांचे नाव होते.

ही यादी कोणत्याही न्यायालयाने केलेली नव्हती. तीत नाव असलेल्यावर आरोपपत्र ठेवले जात नसे. त्यामुळे आरोप खोडून काढण्याची संधीही नसे. जाहिरातदार आणि प्रक्षेपण संस्था कलाकाराची निवड करण्यापूर्वी अशा याद्या चाळत आणि नाव आढळल्यास काही कारण न देता दुसऱ्याला घेत. नकार कोठून आला, हे संबंधित कलाकाराला अनेकदा कळतही नसे.

१९५० च्या दशकात 'जो बटरफ्लाय' (१९५७) हा अपवाद वगळता मेरेडिथ यांना हॉलिवूडच्या चित्रपटांत काम मिळाले नाही. बेचाळीस ते बावन्न ही वर्षे अभिनेत्याच्या परिपक्वतेची मानली जातात. मेरेडिथ यांच्या चित्रपट कारकिर्दीत ती जवळपास कोरी आहेत. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर या यादीचा धाक तुलनेने कमी होता. त्यामुळे या काळात त्यांनी प्रामुख्याने नाटकांत अभिनय व दिग्दर्शन केले. जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस' या कादंबरीच्या एका भागावर आधारित 'युलिसिस इन नाइटटाउन' हे नाटक त्यांनी १९५८ मध्ये बसवले. त्यात प्रमुख भूमिकेत झीरो मोस्टेल हे अभिनेते होते, जे स्वतःही काळ्या यादीमुळे काम गमावून बसले होते. विनोदी लेखक जेम्स थर्बर यांच्या लेखनावरील 'अ थर्बर कार्निव्हल' (१९६०) या प्रयोगासाठी मेरेडिथ यांना टोनी पुरस्कारांतर्गत विशेष सन्मान मिळाला.

पुनरागमन

दूरचित्रवाणीवरील 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेच्या चार भागांत मेरेडिथ यांनी काम केले. त्यांपैकी २० नोव्हेंबर, १९५९ रोजी प्रसारित झालेला 'टाइम इनफ ॲट लास्ट' हा भाग विशेष गाजला. वाचनाच्या वेडापायी सर्वांची बोलणी खाणारा बँकेचा कारकून अणुस्फोटातून एकटाच वाचतो. आता वाचायला भरपूर वेळ आणि पुस्तके हाती आलेली असताना त्याचा चष्मा फुटतो, अशी या भागाची कथा आहे.

दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांनी 'एक्झोडस' (१९६०) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत काळ्या यादीतील लेखक डाल्टन ट्रंबो यांचे नाव उघडपणे देऊन ही प्रथा मोडण्यास हातभार लावला होता. त्यांनी 'ॲडव्हाइज अँड कन्सेंट' (१९६२) या राजकीय चित्रपटात मेरेडिथ यांना भूमिका दिली. परराष्ट्रमंत्रिपदाच्या उमेदवाराचे पूर्वी साम्यवाद्यांशी संबंध होते, अशी साक्ष सिनेटच्या समितीपुढे देणाऱ्या भेदरलेल्या साक्षीदाराची ही छोटी भूमिका होती. ज्यांना अशा संशयाची किंमत स्वतः मोजावी लागली होती, त्या अभिनेत्याने येथे संशय निर्माण करणाऱ्याची भूमिका केली. तीसाठी त्यांना अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे प्रेमिंजर यांच्या आणखी पाच चित्रपटांत ते दिसले.

'बॅटमॅन' (१९६६-६८) या दूरचित्रवाणी मालिकेतील पेंग्विन या खलनायकामुळे ते बालप्रेक्षकांच्याही परिचयाचे झाले. या पात्राला लांब नळीत खोचलेली सिगारेट ओढावी लागे. मेरेडिथ यांनी धूम्रपान कित्येक वर्षांपूर्वीच सोडले होते व धुराने त्यांचा घसा खवखवे. खोकल्याची उबळ लपवण्यासाठी त्यांनी बदकासारख्या आवाजातील हसणे योजले आणि तेच पेंग्विनची ओळख ठरले.

जॉन श्लेसिंजर दिग्दर्शित 'द डे ऑफ द लोकस्ट' (१९७५) या चित्रपटात त्यांनी रंगमंचावरील दिवस सरल्यावर दारोदार पॉलिश विकत फिरणाऱ्या जुन्या विनोदी नटाची भूमिका केली. तीसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले.

'रॉकी'मधील मिकी गोल्डमिल

मार्च १९७५ मध्ये चक वेपनर या फारशा परिचित नसलेल्या मुष्टियोद्ध्याने जगज्जेत्या मुहम्मद अली यांच्यासमोर पंधराव्या फेरीपर्यंत तग धरला. ती लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोन या तेव्हा अपरिचित असलेल्या अभिनेत्याने 'रॉकी'ची पटकथा लिहिली. जॉन ॲव्हिल्डसन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सुमारे दहा लाख डॉलरच्या, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अल्प, खर्चात आणि २८ दिवसांच्या चित्रीकरणात पूर्ण झाला.

चित्रपटातील मिकी गोल्डमिल हा फिलाडेल्फियातील एका कळकट व्यायामशाळेचा ७६ वर्षांचा मालक आहे. चित्रीकरणाच्या वेळी मेरेडिथ ६८ वर्षांचे होते. डोक्यावर लोकरी टोपी, कानात श्रवणयंत्र, घोगरा आवाज आणि तोंडात सतत शिव्याशाप असे त्याचे रूप आहे. कुस्तीच्या तालमीतील कडक वस्तादाची आठवण मराठी प्रेक्षकाला हे पात्र करून देते. आरंभी तो रॉकी बाल्बोआचे व्यायामशाळेतील कपाट काढून दुसऱ्या होतकरू खेळाडूला देतो. रॉकीच्या अंगी गुण असूनही तो सावकारासाठी वसुली करण्यात ते वाया घालवतो, हा मिकीचा राग आहे.

जगज्जेता अपोलो क्रीड अनपेक्षितपणे रॉकीला लढतीसाठी निवडतो, तेव्हा मिकी रॉकीच्या खोलीवर येतो आणि आपल्याला व्यवस्थापक म्हणून घे, अशी विनवणी करतो. हा प्रसंग चित्रपटाचा भावनिक मध्यबिंदू मानता येईल. पन्नास वर्षांचा अनुभव, तारुण्यातील लढती, व्यवस्थापक न मिळाल्याने हुकलेली संधी हे सारे तो चाचरत सांगतो. काल ज्याला हाकलले, त्याच्याच दारी आज याचक म्हणून उभे राहण्याची लाज मेरेडिथ यांनी शब्दांपेक्षा देहबोलीतून व्यक्त केली आहे. रॉकी उत्तर न देता न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतो. म्हातारा निघून गेल्यावर मात्र त्याच्या मनातील वर्षानुवर्षांची चीड मोठ्याने बाहेर पडते आणि ती जिन्यावरील मिकीला ऐकू जाते. शेवटी रॉकी धावत रस्त्यावर जातो. कॅमेरा दूरच राहतो. दोघांचे बोलणे प्रेक्षकाला ऐकू येत नाही, केवळ त्यांचे हस्तांदोलन दिसते.

यानंतर मिकी रॉकीकडून कसून तयारी करून घेतो आणि लढतीच्या पंधराही फेऱ्या रिंगच्या कोपऱ्यात त्याच्यासोबत असतो. रॉकी ही लढत गुणांवर हरतो. परंतु अखेरपर्यंत पायांवर उभा राहतो. मिकीची भूमिका म्हणूनच विजयाशी नव्हे, तर उशिरा मिळालेल्या संधीशी जोडली गेली आहे.

'रॉकी'ला दहा ऑस्कर नामांकने मिळाली व त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संकलन हे तीन पुरस्कार पटकावले. मेरेडिथ आणि ॲड्रियनच्या भावाची भूमिका करणारे बर्ट यंग या दोघांचेही सहायक अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी नामांकन झाले होते; पुरस्कार मात्र 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'साठी जेसन रोबार्ड्स यांना मिळाला.

'रॉकी २' (१९७९) मध्ये मिकी चपळाई वाढवण्यासाठी रॉकीला कोंबडीमागे पळायला लावतो आणि रॉकीची पत्नी बेशुद्धावस्थेत असताना रुग्णालयातील प्रार्थनागृहात त्याच्याशेजारी बसून राहतो. 'रॉकी ३' (१९८२) मध्ये, रॉकीला पुन्हा जबर मार बसू नये म्हणून आपण त्याच्यासाठी तुलनेने दुबळे प्रतिस्पर्धी निवडत होतो, अशी कबुली तो देतो. रॉकी जगज्जेतेपद गमावतो त्याच रात्री मिकीचा मृत्यू होतो. त्याला अखेरच्या क्षणी हार कळू नये, अशी काळजी रॉकी घेतो. 'रॉकी ५' (१९९०) मधील पूर्वस्मृतीच्या दृश्यासाठी मेरेडिथ यांनी पुन्हा एकदा ही भूमिका केली.

'टेल गनर जो'

'रॉकी' चित्रपटगृहांत सुरू असतानाच, फेब्रुवारी १९७७ मध्ये, 'टेल गनर जो' हा दूरचित्रवाणीपट प्रसारित झाला. साम्यवादविरोधी मोहिमेचा चेहरा बनलेले सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या जीवनावर तो आधारित होता. १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या सुनावणीत लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांनी मॅकार्थींना जाहीरपणे खडसावले होते व तेथून मॅकार्थींचा प्रभाव ओसरू लागला. वेल्च यांची भूमिका मेरेडिथ यांनी केली. तीसाठी त्यांना १९७७ चा एमी पुरस्कार मिळाला. ज्या कालखंडाने त्यांची कारकीर्द रोखली, त्याच्या अखेरीचे प्रतीक ठरलेल्या व्यक्तीची भूमिका अशा रीतीने त्यांच्या वाट्याला आली.

वैयक्तिक आयुष्य आणि अखेरचा काळ

मेरेडिथ यांचे चार विवाह झाले. त्यांची तिसरी पत्नी पॉलेट गोडार्ड या प्रसिद्ध अभिनेत्री होत्या. त्यापूर्वी त्या चार्ली चॅप्लिन यांच्या पत्नी होत्या. हा विवाह १९४४ ते १९४९ पर्यंत टिकला. १९५१ मध्ये त्यांनी काया सुंडस्टेन यांच्याशी विवाह केला. त्यांना जोनाथन हा मुलगा व टाला ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. हा विवाह मेरेडिथ यांच्या मृत्यूपर्यंत कायम राहिला. 'सो फार, सो गुड' (१९९४) या आत्मचरित्रात त्यांनी आपल्याला आयुष्यभर त्रास देणाऱ्या मनःस्थितीतील तीव्र चढउतारांविषयीही लिहिले आहे.

'ग्रम्पी ओल्ड मेन' (१९९३) या विनोदी चित्रपटात त्यांनी जॅक लेमन यांच्या वडिलांची भूमिका केली. त्या वेळी त्यांचे वय ८५ च्या पुढे होते. या चित्रपटाच्या १९९५ मधील उत्तरभागातही ते होते. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंश व त्वचेचा कर्करोग हे आजार जडले होते. ९ सप्टेंबर, १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुरस्कार व नामांकने

- १९६० - टोनी विशेष पुरस्कार ('अ थर्बर कार्निव्हल')
- १९६२ - नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता ('ॲडव्हाइज अँड कन्सेंट')
- १९७४ - टोनी नामांकन, दिग्दर्शन ('युलिसिस इन नाइटटाउन'चा पुनःप्रयोग)
- १९७६ - ऑस्कर नामांकन, सहायक अभिनेता ('द डे ऑफ द लोकस्ट')
- १९७७ - ऑस्कर नामांकन, सहायक अभिनेता ('रॉकी')
- १९७७ - एमी पुरस्कार, सहायक अभिनेता ('टेल गनर जो')

निवडक चित्रपट

- विंटरसेट (१९३६)
- ऑफ माइस अँड मेन (१९३९)
- टॉम, डिक अँड हॅरी (१९४१)
- द स्टोरी ऑफ जी. आय. जो (१९४५)
- द डायरी ऑफ अ चेंबरमेड (१९४६)
- द मॅन ऑन द आयफेल टॉवर (१९४९)
- ॲडव्हाइज अँड कन्सेंट (१९६२)
- द डे ऑफ द लोकस्ट (१९७५)
- रॉकी (१९७६), रॉकी २ (१९७९), रॉकी ३ (१९८२), रॉकी ५ (१९९०)
- क्लॅश ऑफ द टायटन्स (१९८१)
- ग्रम्पी ओल्ड मेन (१९९३)